फिल्टर बसेपर्यंत

माझे काका वीजकेंद्रात शिफ्ट इन्चार्ज होते आणि आमची सगळी वसाहत त्यांना मेनस्विच म्हणायची. कुणाच्या घरातला दिवा नुसता लुकलुकला तरी माणसं आधी काकांच्या दारात हजर. "मेनस्विच, काय भानगड आहे?" काका बनियनवर बाहेर यायचे, समोरच्याच्या घराकडे एकदा बघायचे आणि सांगायचे, "तुमचा फ्यूज गेलाय. केंद्र ठीक आहे." त्यावर स्वयंपाकघरातून काकूचा आवाज यायचा, "आणि या घरातला मेनस्विच मी आहे, तेही सांगून टाका एकदा!"

वसाहतीच्या शाळेत मला नोकरी लागली तेव्हा मी त्यांच्याकडे राहायला गेले. काका म्हणजे माझ्या बाबांचे धाकटे भाऊ. त्यांना मूलबाळ नव्हतं. पहिल्याच दिवशी काकूने माझी ट्रंक ओढत आतल्या खोलीत नेली आणि म्हणाली, "आयती मुलगी मिळाली, तीही कमावती. शी-शू काढायची कटकटच नाही."

लग्नाआधी काकू केंद्राच्याच नकाशा विभागात होती. तेव्हा सगळे नकाशे हाताने काढायचे. पारदर्शक कागदावर शाईच्या पेनाने एकेक पाइप, एकेक झडप. एकच नकाशा दुरुस्त करून घ्यायला काका तिच्या टेबलाशी इतक्या वेळा गेले की शेवटी तिच्या साहेबांनीच विचारलं, "खोट पाइपात आहे की माणसात?" हा किस्सा काकूने मला निदान वीसदा सांगितला असेल, आणि प्रत्येक वेळी काका पेपरमागे तोंड लपवायचे.

मी गेले तेव्हाच तिचा खोकला सुरू झालेला होता. आधी तो सकाळपुरता होता, मग जिना चढताना यायला लागला, मग बोलताबोलता. वाक्य अर्ध्यावर सोडून ती हाताने 'थांब' अशी खूण करायची आणि दम आला की नेमकी तिथूनच पुढे चालू करायची, जणू मधे कुणी दार वाजवून गेलं. वसाहतीत खोकणारी ती एकटी नव्हती. केंद्राची दोन युनिटं होती. नव्या युनिटला धूळ गाळणारा चांगला फिल्टर होता. जुन्याचा फिल्टर त्याच्याइतकाच म्हातारा झाला होता. राख पकडायचं सोडून तो नुसता उभा होता. वारा आमच्या बाजूचा असला की खिडकीच्या कठड्यावर करडी भुकटी साचायची आणि बोटाने त्यावर नाव लिहिता यायचं. शाळेतली मुलं लिहायचीच.

छातीच्या डॉक्टरांनी काकूचे एक्स-रे उजेडासमोर धरले आणि काकांना सरळ विचारलं, "बदली होते का?"

काका म्हणाले, "बघतो."

"बघू नका. यांना इथून हलवा."

काकूची थोरली बहीण डोंगरातल्या एका गावात एकटी राहायची. तिथली हवा काचेसारखी स्वच्छ होती. काकूने तिकडे जायचं ठरलं. पण हे जाणं म्हणजे काही फार मोठी गोष्ट आहे असं तेव्हा आम्हाला कुणालाच वाटलं नाही, कारण त्याच सुमारास प्रदूषण कार्यालयाचा हुकूम आला होता: जुन्या युनिटला अमुक तारखेपर्यंत नवा फिल्टर बसवा, नाहीतर ते बंद करा. म्हणजे वर्षभराचा प्रश्न. बसमध्ये चढताना काकूने मला बजावलं, "फिल्टर बसला की येते. तोवर यांना उपाशी ठेवू नकोस. आणि फार लाडावूही नकोस, मला नंतर निस्तरावं लागतं." तिने एकच बॅग नेली. गरम कपडे तेवढे घेतले, बाकी सगळं कपाटात तसंच ठेवलं.

ती तारीख आली आणि गेली.

फिल्टर बसवायचा तर जुनं युनिट कित्येक महिने बंद ठेवावं लागणार होतं. आणि बंद करायची परवानगी द्यायची ती लोड डिस्पॅचने. कुठल्या केंद्राने किती वीज करायची हे जिथून ठरतं, ते हे कार्यालय. तिथल्या एका साहेबांशी काकांचं रोज फोनवर बोलणं व्हायचं. किती वर्षं झाली कुणास ठाऊक, पण दोघांनी एकमेकांना कधी पाहिलेलं नव्हतं. काका त्यांना 'आवाज' म्हणायचे. "आज आवाज वैतागलेला होता," किंवा "आवाजाला सर्दी झालीय." तर त्या आवाजाने पहिल्या वर्षी सांगितलं, उन्हाळा तोंडावर आहे, आत्ता नाही. दुसऱ्या वर्षी धरणं आटली, पाण्यावरची वीज निम्म्यावर आली, तेव्हा तर शक्यच नव्हतं. त्यानंतर कुठल्यातरी मोठ्या केंद्रातला ट्रान्सफॉर्मर जळाला. दर वेळी प्रदूषण कार्यालय चिडून कडक पत्र धाडायचं आणि शेवटी मुदतवाढ द्यायचं. मला फार राग यायचा. एकदा जेवताना मी म्हटलं, "हे लोक मुद्दाम करतात."

काकांनी भात कालवता कालवता मान हलवली. "मुद्दाम असतं तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं. अगं, तुझ्या शाळेशेजारचा दवाखाना, पाण्याचे पंप, सगळं त्या जुन्या युनिटवर आहे. आवाजही खोटं बोलत नाही आणि प्रदूषणवालेही खोटं बोलत नाहीत."

बदलीसाठी काकांनी अर्ज केले. डोंगरात वीजकेंद्र नव्हतं, आणि नोकरी सोडावी तर काकूच्या औषधपाण्याचा खर्च नोकरीवरच चालला होता. तेव्हा ते राहिले. दुपारच्या जेवणानंतर ती दोघं फोनवर बोलायची. काका दाराकडे पाठ करून बसायचे आणि अगदी हळू बोलायचे, जणू पोरगं कॉलेजातल्या मैत्रिणीशी बोलतंय. शब्द मला ऐकू यायचे नाहीत, पण हसणं यायचं. फोन ठेवला की ते तिथेच थोडा वेळ बसून राहायचे आणि मग उठून उगाच काहीतरी दुरुस्त करायला घ्यायचे. त्या काळात आमच्या घरातलं एकही बिजागर कुरकुरत नव्हतं.

त्यांनी पलंगाची आपली बाजू सोडली नाही. दुसऱ्या बाजूला धुतलेल्या कपड्यांची घडी ठेवायला मी एकदा गेले, तर म्हणाले, "तिथे नको. खुर्चीवर ठेव."

सुटी साठली की ते डोंगरात जायचे. एकदोनदा मीही गेले. थोरलीचं घर चढावर होतं, आणि काकूची खोली मागच्या अंगाला. तिथे तिचा खोकला कमी झाला होता, पण फुप्फुसांचं व्हायचं ते नुकसान होऊन गेलं होतं. पुढे डॉक्टरांनी तिला ऑक्सिजनचं मशीन दिलं. पलंगाशेजारी ठेवायचं, छोट्या कपाटाएवढं, विजेवर चालणारं. त्यातून नळी निघून तिच्या नाकाशी यायची. दिवसातला बराच वेळ ते लावून बसावं लागे. मशीनची एकसारखी घरघर चालायची. काका खुर्ची ओढून शेजारी बसायचे, आणि मधेच ती घरघर जराशी जड झाली की पुटपुटायचे, "व्होल्टेज पडलं."

थोरली तोंडाची फटकळ. पहिल्याच भेटीत तिने काकांपुढे चहा ठेवला आणि म्हणाली, "धुराने आजारी पाडलंत ते तुम्हीच, आता मशीनला वीज देताय तीही तुम्हीच. धंदा चांगला आहे तुमचा."

काकू तिच्यावर डाफरली, "ताई!"

काका म्हणाले, "बरोबर बोलतायत त्या," आणि चहा प्यायले. परतीच्या बसमध्ये मात्र ते सबंध वाटभर खिडकीबाहेर बघत बसले.

मग तो उन्हाळा आला. वारा असा पडला की झाडाचं पानही हलेना. चिमणीतून निघालेला धूर वर जायचं सोडून वसाहतीवर पसरून राहायचा. माझ्या वर्गातली निम्मी मुलं घरी आणि उरलेली खोकत बाकावर. आम्ही शाळेच्या खिडक्या लावून घेतल्या, मग उकाड्याने मुलं रडकुंडीला यायला लागली, तेव्हा पुन्हा उघडल्या. पालकांनी प्रदूषण कार्यालयावर धडक मारली. दुसऱ्या दिवशी दुपारी तिथल्या अधिकारी बाई हुकूम घेऊन थेट केंद्रात आल्या. वसाहतीतली पोरं त्यांना हवाताई म्हणायची, कारण त्या गळ्यात यंत्र अडकवून गल्लीगल्लीतली हवा मोजत फिरायच्या. तिशीतल्या असतील. त्या उन्हात चालत आल्या होत्या आणि त्यांचाही घसा बसला होता.

पुढचं मला काकांनी सांगितलं, आणि नंतर बाईंनीही. दोघांचं जुळलं म्हणून मी ते खरं धरते.

बाईंनी कंट्रोल रूममध्ये काकांच्या टेबलावर कागद ठेवला. जुनं युनिट आज संध्याकाळच्या आत बंद करायचं. या वेळी मुदतवाढ नाही. काका म्हणाले, "कागद वाचताना मला पहिल्यांदा काय दिसलं सांगू? तुझी काकू बसमधून उतरतेय. हातात तीच बॅग." इतकी वर्षं ज्याची वाट बघितली ते टेबलावर पडलं होतं. ते फक्त 'बरं' म्हणाले असते तरी भागलं असतं.

तेवढ्यात फोन वाजला. आवाज होता. दूरच्या एका केंद्रातली दोन युनिटं एकाच वेळी पडली होती, सगळ्या जाळ्यावर ताण आला होता. "दोन्ही युनिटं धरून ठेवा," आवाज म्हणाला. "तुमचं एक जरी सुटलं तरी मला अर्धा प्रांत अंधारात ढकलावा लागेल. दवाखाने, पाणी, सगळं."

जुन्या युनिटच्या एका पंख्याचं बेअरिंग त्या दिवशी सकाळपासून गरम चाललं होतं. चालण्यासारखं होतं, उन्हाळ्यात ते नेहमीच तापायचं. पण काकांनी फोनवर एवढंच म्हटलं असतं की बेअरिंगचा भरवसा नाही, तर कुणी दुसरा प्रश्न विचारला नसता. युनिट बंद झालं असतं, फिल्टरचं काम लागलं असतं, आणि बोट कुणी कुणाकडे दाखवलं नसतं. "तोंडाशी आलं होतं," काका मला म्हणाले. "शपथेवर सांगतो, अगदी जिभेवर."

ते बोलले नाहीत. त्यांनी रिसीव्हर बाईंच्या पुढे धरला.

"हे घ्या. तुम्ही दोघं एकमेकांशीच बोला. मी किती वर्षं तुमच्या मधे उभा आहे. यांचा निरोप तुम्हाला, तुमचा यांना. आता पाय दुखायला लागले."

बाई गोंधळल्या. पलीकडून आवाज "हॅलो, हॅलो" करत होता. शेवटी त्यांनी रिसीव्हर घेतला. मग जे जुंपलं ते सगळ्या कंट्रोल रूमने ऐकलं. बाई बसलेल्या घशाने ओरडत होत्या की तुम्ही एकदा येऊन शाळेतल्या पोरांची छाती ऐका. आवाज म्हणत होता की ऑपरेशनच्या टेबलावरच्या माणसाला मी काय सांगू. बराच वेळ दोघं आपापलंच बोलत होते. मग बाईंनी विचारलं, "पूर्ण नको, तर कमीत कमी किती लागेल तुम्हाला?" आवाजाने आकडा सांगितला. बाईंनी काकांकडे बघून विचारलं, एवढ्यावर चालवलं तर धूर किती कमी होईल? काकांनी सांगितलं. ते दोघांनाही पुरेसं नव्हतं. मग घासाघीस सुरू झाली, जशी बाजारात होते तशी. आवाजाने कबूल केलं की मोठ्या कारखान्यांना मी पाळ्या बदलायला लावतो, म्हणजे मला आणखी थोडं सोडता येईल. बाईंनी कबूल केलं की वारा सुटेपर्यंत युनिट अर्ध्यावर चाललं तर मी आज कुलूप लावत नाही. पण एका अटीवर: उन्हाळा सरला की युनिट फिल्टरसाठी बंद होईल, त्याची तारीख आत्ता, या फोनवर, आणि उद्या लेखी.

"दिली," आवाज म्हणाला.

काकांनी स्वतःच्या हाताने जुन्या युनिटचा भार उतरवला. त्या दिवशी सगळ्यात आधी वीज गेली ती आमच्याच वसाहतीची. तसं काकांनीच सांगितलं होतं. माणसं हातपंखे घेऊन दारात जमली. "मेनस्विच, आता काय?"

"केंद्र ठीक आहे," काका म्हणाले. "तुमची वीज मीच घालवलीय. खिडक्या उघडा, आज धूर कमी आहे."

दुसऱ्या दिवशी फोनवर त्यांनी काकूला सगळं सांगितलं, बेअरिंगचंही. मी तिथेच उभी होते. काका म्हणाले, "अगं, रागावलीस का?" मग काहीतरी उत्तर आलं आणि काका रिसीव्हर बाजूला धरून मला म्हणाले, "विचारतेय, तारीख लेखी घेतली का."

तारीख लेखी आली आणि पाळलीही गेली. हवा गार झाल्यावर जुनं युनिट थांबलं. इतक्या वर्षांची ती घरघर कानाला इतकी सवयीची होती की पहिल्या दिवशी शेजारच्या आजोबांना वाटलं आपल्याला कमी ऐकू यायला लागलं. फिल्टर बसवणारी माणसं बाहेरून आली. जुन्या धूरवाटेचे नकाशे लागले, तेव्हा तळघरातून गुंडाळ्या निघाल्या. काकांनी एक उलगडून टेबलावर पसरली, तर कोपऱ्यात काकूची सही. सगळे आकडे तिच्या हातचे, शाई अजून काळीभोर. इंजिनिअर कुठे कापायचं, कुठे जोडायचं ते बोलत होते आणि काका तिच्या अक्षरावर बोट ठेवून उभे होते. घरी आल्यावर त्यांनी फोन लावला. ती म्हणाली, "माझा सात अजून झुकलेलाच आहे का हो?"

"सगळे सात झुकलेत. पडला मात्र एकही नाही."

युनिट बंद, म्हणजे वीज कमी. ठिकठिकाणी पाळीपाळीने वीज जायला लागली, डोंगरातही. काकूकडे ऑक्सिजनची एक टाकी होती, वीज गेली की ती लावायची. एका दुपारी थोरलीचा फोन आला, काकांना केंद्रातच. वीज जायची ती गेली होती, पण यायची वेळ टळून गेली होती आणि टाकीचा काटा खाली चालला होता. थोरली एरवी टोमणे मारणारी. त्या दिवशी नुसतं "काहीतरी करा हो" म्हणत होती.

काकांनी उभ्या नोकरीत आवाजाकडे स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं. त्यांनी फोन लावला. "जरा खासगी आहे," ते अडखळत म्हणाले.

आवाज म्हणाला, "घरी कुणी आजारी आहे?"

"बायको. मशीनवर आहे."

"गाव सांगा. मी तेवढी लाइन चालू करायला सांगतो."

गाव ओठावर होतं. काका नंतर सांगायचे, मला थोरलीच्या घराचा तो चढ दिसत होता, आणि त्या चढावरची बाकीची घरंही. तिथे आणखी दोघं मशीनवर आहेत हे त्यांना माहीत होतं. पलीकडच्या गावात किती आहेत ते माहीत नव्हतं. एक लाइन चालू करायची तर दुसरी कुठलीतरी बंद करावी लागते, हे त्यांना नाही कळणार तर कुणाला?

"गाव राहू दे," ते म्हणाले. "मला खरी वेळ सांगा. पाच म्हणून सात करू नका. नक्की किती वाजता येणार तेवढं सांगा, म्हणजे टाकी तशी पुरवता येईल. मला एकट्याला नको. सगळ्या गावांना सांगा."

आवाजाने वेळ सांगितली. काकांनी ती थोरलीला सांगितली, टाकीची धार किती बारीक करायची ते सांगितलं, आणि मग शिफ्ट संपेपर्यंत घड्याळाकडे बघणार नाही असं ठरवून घड्याळाकडेच बघत बसले. तिकडे थोरलीने काकूला खिडकीशी टेकवून बसवलं होतं. बोलायचं नाही, हलायचं नाही. दोघी बहिणी हात धरून बसल्या होत्या. सांगितलेल्या वेळेच्या जरा आधीच मशीन घरघरलं. थोरली पुढे मला म्हणाली, "तुझ्या काकांना सांगू नकोस, पण त्या आवाजाला मी नमस्कार केला."

त्या आठवड्यापासून वीज कुठे, केव्हा जाणार आणि केव्हा येणार हे आधी जाहीर व्हायला लागलं आणि वेळा पाळल्या जायला लागल्या. हवाताईंना ही गोष्ट काकांकडून कळली तेव्हा त्या अस्वस्थ झाल्या. बंदचा हुकूम माझा, मग ही काळजीही माझीच, असं म्हणून त्यांनी आरोग्य खात्याच्या मागे लागून गावोगावच्या दवाखान्यांत जादा टाक्या ठेवायला लावल्या.

फिल्टर बसला. युनिट पुन्हा सुरू झालं त्या सकाळी माणसं काकांना विचारायला आली की मेनस्विच, सुरू कधी करणार? चिमणीतून काही निघताना दिसतच नव्हतं. काका म्हणाले, "पहाटेपासून चालू आहे."

डॉक्टरांनी काकूला एका हंगामापुरती यायची परवानगी दिली. ती आली. मशीन बसच्या टपावर, टाकी काकांच्या मांडीवर आणि ती खिडकीशी. घरात पाऊल टाकताच तिने पडदे, भांडी, माझा चेहरा, सगळ्यांत खोट काढली. कपाट उघडून आपले कपडे एकेक करून बघितले. ते आता तिला ढगळ होत होते.

पण एक गंमत झाली. पहिले दोनतीन दिवस तिला आणि काकांना एकमेकांशी बोलताच येईना. दुपारचं जेवण झालं की समोरासमोर बसायची, पाणी हवं का, पंखा कमी करू का, एवढंच. फोनवर भरभरून बोलणारी माणसं अगदी परक्यासारखी. शेवटी काकू वैतागली. "अहो, तुम्ही असं करा, बाहेर अंगणात जा आणि मला फोन लावा."

काका नवा मोबाइल घेऊन खरंच गेले. अंगणात जास्वंदीपाशी पाठ करून उभे राहिले, आत फोन वाजला, आणि तासभर दोघं बोलली. मधे ती इतकी हसली की दम लागला. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी बोलता बोलता काका चालत आत आले, तिच्यासमोर बसले, आणि फोन कानाला तसाच धरून बोलत राहिले. मग कधीतरी तो खाली ठेवला गेला.

त्या दिवसांत काकू माझ्यासोबत शाळेच्या फाटकापर्यंत चालत यायची. वाटेतल्या बाकावर टेकायची, पण यायची. मी मागे वळून बघायचे तर ती हात हलवत उभी असायची.

थंडी पडली तशी हवा पुन्हा साकळायला लागली. चिमणी स्वच्छ होती. पण गावाबाहेर वीटभट्ट्या पेटल्या होत्या, मालगाड्यांसारख्या ट्रकांच्या रांगा लागत होत्या, कचऱ्याचे ढीग धुमसत होते. इतकी वर्षं चिमणीच्या धुरामागे हे सगळं दडून गेलं होतं. आता ते उघडं पडलं. काकूचं मशीन दिवसभर चालायला लागलं. हवाताई तिला भेटायला घरी आल्या. चहाचा कप हातात धरून त्या म्हणाल्या, "चिमणीचं झालं, काकू. आता भट्ट्यांच्या मागे लागलेय."

"लागा," काकू म्हणाली. "तुमचं काम पुरं व्हायला माझा श्वास पुरायला हवा." मग त्यांचा उतरलेला चेहरा बघून तिने त्यांच्या गुडघ्यावर थोपटलं. "तुम्हाला नाही हो बोलले. तुम्ही आणखी थोडी साखर घ्या."

डॉक्टरांनी फार वेळ घेतला नाही. ती परत डोंगरात गेली. या वेळी तिने सगळे कपडे नेले.

काकांची नोकरी अजून उरली होती. ती त्यांनी केली. निवृत्तीच्या दिवशी केंद्रात छोटासा समारंभ झाला, तिथे एक बुटके, चष्मेवाले गृहस्थ पुढे आले आणि "युनिटं धरून ठेवलीत ना?" एवढंच म्हणाले. काकांनी आवाज ऐकला आणि त्यांना मिठीच मारली. मला नंतर म्हणाले, "मला वाटायचं, दारातून वाकून येणारा माणूस असेल. निघाला माझ्या खांद्याएवढा."

आता काका डोंगरात असतात. थोरलीने मागची दुसरी खोलीही त्यांना दिली आहे. तिथे दूरवर कुठे चिमणी नाही, भोंगा नाही. मी सुटीत जाते. काकू खूप थकली आहे; बोलते ते वाक्यावाक्याने. गेल्या वेळी मी पोचले तर तिने पहिला प्रश्न केला, "आपल्या क्वार्टरमध्ये आता कोण राहतं गं?"

"एक नवं जोडपं आलंय. लहान बाळ आहे त्यांना."

"भिंतींना रंग काढला?"

"हो. फिकट हिरवा."

"शी! दवाखाना दिसेल." ती हसली, थांबली, हाताने मला थांबवलं. दम आल्यावर म्हणाली, "स्वयंपाकघरात काय केलंय? ओट्याशी जाळीचं दार होतं ते आहे का? बाळाला कुठे निजवतात, आतल्या खोलीत की पुढच्या?"

मी त्या घरात एकदाच, उंबऱ्यापर्यंत गेले होते. पण मी सांगत गेले. जाळीचं दार आहे. बाळाचा पाळणा आतल्या खोलीत, खिडकीशी. खिडकी दिवसभर उघडी असते. मागच्या बाजूला दोरीवर त्याचे लंगोट वाळत असतात.

"पांढरे?" तिने विचारलं.

"पांढरे."

तिने डोळे मिटून घेतले. "आणि पुढच्या खोलीत?"

बाहेर पायरीवर काका कुणाच्यातरी इस्त्रीची वायर जोडत बसले होते. मला वाटलं, त्यांचं लक्ष नाही. पण मी पुढच्या खोलीत कपाट डाव्या बाजूला ठेवलं, तेव्हा ते बाहेरून म्हणाले, "डाव्या बाजूला ओल येते. उजवीकडे ठेवलं असेल."

"हो, उजवीकडेच," मी म्हटलं, आणि मग खोलीमागून खोली, परतीच्या बसची वेळ होईपर्यंत, आम्ही ते घर लावत बसलो.